उडू : इग्बो लोकांचें घटवाद्य

नायजेरिया देशाच्या आग्नेय भागांत इग्बो लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेंत ‘उडू’ म्हणजे मडकें. आणि ज्या घटवाद्याचा विचार येथें कर्तव्य आहे त्याचेंही नांव तेंच. शेजारचे एफिक व इबिबिओ लोक त्यास ‘आबांग म्ब्रे’ म्हणजे खेळावयाचें मडकें म्हणतात. पाश्चात्य लेखक मात्र यास सरसकट ‘मातीचा ढोल’ म्हणत आले. हें नांव चुकीचें असून त्यामुळें वाद्याचें मर्मच झांकलें जातें, असें आमचें मत आहे.

ढोलास कातडें लागतें. उडूस तें मुळींच नाहीं. घागरीसारखें वाटोळें पोट, वर अरुंद गळा, आणि पोटाच्या बाजूस दुसरें एक छिद्र, एवढीच त्याची रचना. वाजविणारी स्त्री त्या छिद्रावर तळहात झटकन् आपटून उचलते. त्यासरशी आंतील हवा हादरून खोल, घुमणारा नाद निघतो. दुसऱ्या हातानें गळ्याचें तोंड जितकें अधिक झांकावें तितका स्वर खालीं उतरतो. अंगावर बोटांनीं टिचक्या मारल्यास मातीचा निराळा, कोरडा आवाज येतो. बाजूस छिद्र नसलेलाही एक प्रकार इग्बोंत आहे. त्याच्या तोंडावर पंख्यासारख्या चपट्या साधनानें थाप देतात. नाद तेथेंही हवेचाच. आपल्या घटम् वाद्याशीं तुलना करण्याचा मोह होतो. परंतु घटमांत बोटें वाजवितात ती मुख्यतः जाड भिंत. मडकें कोठेंही असतें. एवढ्या साम्यावरून परस्परसंबंध कल्पिणें योग्य नव्हे.

भरतानें वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनीं १८७६ सालीं बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड यास भारतीय वाद्यांचा संग्रह नजर केला. तो ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत आला. तेथील माहियाँ यांनीं आपली सूची रचतांना हेच चार वर्ग पायाभूत धरिले, व त्यांवर १९१४ त हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनीं आपलें सुप्रसिद्ध वर्गीकरण उभारिलें. या चौकटींत उडू कोठें बसवावा? अवनद्ध तर नव्हेच. घन म्हणावें तर मुख्य नाद मातीचा नाहीं; सुषिर म्हणावें तर फुंकर नाहीं. अलीकडील अभ्यासक आघातानें हवा वाजविणाऱ्या वाद्यांचा निराळा पोटवर्ग मानूं लागले आहेत, तोच आम्हांस ग्राह्य वाटतो.

इग्बो प्रदेशांत मडकीं घडविणें हें बहुशः स्त्रियांचें काम, आणि उडू वाजविणेंही परंपरेनें त्यांचेंच. चाक वापरीत नाहींत. मातीच्या वळ्या एकीवर एक रचून भिंत चढवितात व उघड्या जाळांत भाजतात. इन्यी व इशिआगू हीं गांवें या कामाविषयीं प्रसिद्ध आहेत. एका मडक्यास चुकून भोंक पडलें व त्यांतून वाद्य निघालें, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण असल्या कथा सर्वच वाद्यांच्या असतात! मडकें ओलें असतां कापून गुळगुळीत केलेली कड आणि भाजल्यानंतर फुटलेली कड यांतील भेद हातास सहज कळतो, व उडूची कड पहिल्या प्रकारची असते.

इग्बो-उक्वू येथें १९३८ सालीं टाकें खणतांना जुन्या वस्तु सांपडल्या, व पुढें थर्स्टन शॉ यांनीं १९५९-६० आणि १९६४ सालीं शास्त्रीय उत्खनन केलें. तेथील नवव्या शतकाच्या सुमाराचे नक्षीदार घट त्या देशांतील कुंभारकलेचें प्राचीनत्व सिद्ध करितात. तेवढ्यावरून उडूही तितकाच जुना म्हणणें मात्र उतावीळपणाचें होईल.

१९७४ सालीं अमेरिकेंत मेन संस्थानांतील एका शिबिरांत अब्बास अहुवान या नायजेरियन कुंभारानें फ्रँक जॉर्जिनी यांस ही विद्या दाखविली. जॉर्जिनी यांनीं पुढें नवे नवे आकार बनविले, आणि साच्यांत ओतलेल्या मातीचे उडू बाजारांत आले. यास्तव संग्राहकाच्या हातीं असा घट आल्यास त्यानें प्रथम आंत बोटें घालून पाहावें. वळ्यांच्या सांध्यांचे उंचवटे कित्येकदां आंतील बाजूस राहून गेलेले असतात, साच्यांतील घटास ते नसतात.