पणजोबांची उर्दू, पणतवाची इंग्रजी

नायगावसारख्या तालुक्याच्या गावी कॉलेजातल्या मुलांशी बोलताना एक वाक्य हमखास कानी पडते : 'इंग्रजी काही आपल्या डोक्यात शिरत नाही.' बोलणारा मुलगा गणितात, खेळात, शेतीच्या हिशेबात कोणाला हार जाणारा नसतो. मग एका भाषेपुढेच त्याचे डोके का अडते? उत्तर शोधायला त्याच्या पणजोबांच्या काळात जावे लागेल.

सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, पण कचेरीची भाषा उर्दू. प्राथमिक शाळेपुढचे शिक्षणही उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यमही उर्दूच. ही भाषा लोकांनी हौसेने निवडलेली नव्हती. ती लादलेली होती आणि तिचा रागही होता. तरीही मराठी घरांतली मुले ती शिकली. शिकून कोणी वकील झाले, कोणी कारकून. कारण उर्दू न येण्याची किंमत रोज डोळ्यांसमोर दिसत होती. आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे.

निजामी राज्य गेले, तशी ही गरजही गेली. मराठी घरांतून उर्दू हळूहळू ओसरली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. माती तीच, घराणी तीच. शिकण्याचे कारण तेवढे उरले नव्हते.

दुसरा दाखला इंग्रजीचाच. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमिजिएट कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी बंदी झुगारून 'वंदे मातरम्' म्हटले. त्यांना काढून टाकण्यात आले. अशा अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. कालपर्यंत ही मुले उर्दूतून शिकत होती. नागपूरला इंग्रजीतून शिकणे भाग होते. परतीची वाट माफीच्या दारातून जात होती, म्हणून पुढे जाणे एवढेच हाती होते. मात्र उस्मानियात इंग्रजी सक्तीचा विषय होता, त्यामुळे पाया तयार होता, हेही विसरू नये. कारणाने भूक लागते; पोट भरायला भाकरी लागतेच.

कॅनडातील गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी भाषा शिकण्याच्या प्रेरणेचे दोन प्रकार सांगितले. एक, त्या भाषेच्या लोकांत मिसळण्याची ओढ. दुसरा, त्या भाषेच्या बळावर काही मिळवण्याची इच्छा. पहिली प्रेरणा अधिक टिकाऊ, असे त्यांना आधी वाटत होते. पण १९७२ साली यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतल्या साठ मराठीभाषक शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलींना इंग्रजाळलेल्या लोकांसारखे व्हायचे नव्हते. त्यांना आयुष्यात पुढे जायचे होते. आणि ही इच्छा जितकी प्रबळ, तितकी त्यांची इंग्रजी चांगली होती.

आज नायगावच्या विद्यार्थ्यापुढे कोणते कारण ठेवले जाते? 'पास हो.' पासापुरते कारण पासापुरतीच इंग्रजी देते. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, पाठ केलेला निबंध. पेपर संपला की सारे संपले. 'पुढे नोकरीला उपयोगी पडेल' हे कारणही रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाला फार लांबचे वाटते.

जवळची कारणे आहेत. नायगाव नांदेड-हैदराबाद रस्त्यावर आहे. या रस्त्याने कामाला जाणाऱ्याला हैदराबादेत मराठी पुरत नाही. जमिनीचा दावा उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेला, तर निकाल इंग्रजीत लिहिलेला असतो. शेत आपले, दावा आपला, आणि कागद वाचायला वकिलाकडे जायचे. असा एखादा निकाल वर्गात आणावा, त्यातल्या चार ओळी मुलांना लावायला सांगाव्यात. त्या लागल्या, की 'डोक्यात शिरत नाही' हे वाक्य आपोआप मागे पडेल.

पणजोबा कागद वाचता यावा म्हणून परकी भाषा शिकले. पणतवाच्या घरातही कागद आहे, फक्त त्याची लिपी बदलली आहे. तो त्याच्या हाती देऊन 'वाच बरे' म्हणणारे कोणीतरी हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)