पंपाचा दांडा कोणी काढला?

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वर्गात सांगितली असेल. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात कॉलऱ्याची साथ भडकली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी दगावलेल्यांची घरे शोधून काढली. ती एका पंपाभोवती दाटलेली दिसली. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट इथे संपते आणि मुले वहीत ‘कॉलरा पाण्यातून पसरतो’ असे लिहून घेतात.

पण दांडा काढला कोणी? स्नो यांनी नव्हे. सार्वजनिक पंपाला हात लावायचा कसलाच अधिकार त्यांना नव्हता. आदल्या संध्याकाळी ते सेंट जेम्स पॅरिशच्या मंडळापुढे गेले, आपले म्हणणे मांडले आणि मंडळाने हुकूम दिला. स्नो यांच्या सिद्धान्तावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता, तरीही दांडा निघाला. विज्ञानाच्या पुस्तकात ही बाजू येत नाही. लोकांच्या आरोग्यासाठी हुकूम काढायचा, कर बसवायचा, एखाद्याच्या घरामागचा उकिरडा हलवायला लावायचा, हे अधिकार सरकारी मंडळांना कसे मिळत गेले? तो इतिहास मुख्यतः वकिलांचा, नोंदणी-कारकुनांचा आणि कचेरीत बसणाऱ्या डॉक्टरांचा आहे. आम्हाला तो पंपाच्या गोष्टीइतकाच रंजक वाटतो, कारण त्यातली बहुतेक माणसे रोगाच्या कारणाबाबत साफ चुकीची होती.

एडविन चॅडविक हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. जन्म १८००, मँचेस्टरजवळचा. शिक्षण वकिलीचे. १८३० साली ते बॅरिस्टर झाले, पण कोर्टात फारसे रमले नाहीत. जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचे ते अखेरच्या काळातले चिटणीस होते. कायदा हे समाज घडवायचे यंत्र आहे, त्याचे उपयोग मोजता येतात, ही बेंथमची शिकवण त्यांच्या अंगी पुरती मुरली होती. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याचा मसुदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या कायद्याने मदत मागणाऱ्या धडधाकट गरिबाला ‘वर्कहाऊस’ची वाट दाखवली आणि तिथले जिणे मुद्दाम नकोसे ठेवले. गरीब माणूस चॅडविकना शिव्या घालत असे, आणि त्याचे फारसे चुकत नव्हते.

आरोग्याकडे ते वळले ते हिशेबाच्या वाटेने. १८३८ साली पूर्व लंडनमधल्या काही पॅरिश अधिकाऱ्यांनी गरिबांसाठीच्या करातून पैसे काढून घाण करणाऱ्या मालकांवर उपद्रवाचे खटले भरले. तपासनिसांनी तो खर्च नामंजूर केला, कारण कायद्यात तशी तरतूद नव्हती. चॅडविकनी हिशेब मांडला: घाणीमुळे ताप येतो, तापाने कमावता माणूस मरतो, त्याची बायको-मुले पॅरिशच्या गळ्यात पडतात. मग घाण काढणे स्वस्त, की विधवा पोसणे? तपासणीसाठी तीन डॉक्टर पाठवले गेले, आणि त्यातून पुढे देशभरची चौकशी उभी राहिली. १८४२ साली कष्टकरी लोकांच्या राहणीतील आरोग्यस्थितीवरचा तो प्रसिद्ध अहवाल आला. वरिष्ठ आयुक्त त्यावर आपले नाव घालायला तयार नव्हते. तो एकट्या चॅडविकच्या नावाने छापला गेला.

अहवालातल्या एका कोष्टकाने इंग्लंड हादरले. मँचेस्टरमध्ये मृत्यूच्या वेळचे सरासरी वय वरच्या वर्गात ३८, व्यापाऱ्यांत २० आणि मजुरांत १७ वर्षे होते. ग्रामीण रटलंडमध्ये हेच आकडे ५२, ४१ आणि ३८. म्हणजे खेड्यातला मजूर शहरातल्या सभ्य गृहस्थाइतका जगत होता!

गणिताच्या शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. ‘मृत्यूच्या वेळचे सरासरी वय’ म्हणजे ‘सरासरी आयुर्मान’ नव्हे. एखाद्या विद्यार्थी वसतिगृहात वर्षभरात कोणी दगावलेच, तर मृत्यूचे सरासरी वय चौदा-पंधरा येईल. वृद्धाश्रमात ते ऐंशी येईल. म्हणून वृद्धाश्रमाची हवा वसतिगृहापेक्षा चांगली ठरत नाही. मँचेस्टरची मजूर वस्ती तरुण होती, तिथे लहान मुले भरपूर होती, त्यामुळे सरासरी खाली ओढली गेली. हा दोष नीसन नावाच्या विमागणितज्ञाने १८४४ सालीच दाखवला. मँचेस्टरची मुले मोठ्या संख्येने मरत होती यात शंका नाही, पण कोष्टक जितके सांगत होते तितके ते सिद्ध करत नव्हते. कायदा मात्र अशा कोष्टकांच्या जोरावरच पुढे सरकतो.

आकड्यांचा खरा जाणकार दुसराच होता. १८३७ पासून इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि त्या कचेरीत विल्यम फार हे डॉक्टर मृत्यूंची वर्गवारी करायला बसले. पहिल्याच अहवालात त्यांनी ६३ मृत्यूंचे कारण ‘उपासमार’ असे दिले. चॅडविक खवळले. गरिबांना मदत देणारा कायदा असताना इंग्लंडात उपासमारीने माणूस मरेलच कसा? त्यांच्या मते रोगामुळे दारिद्र्य येते. एडिंबरोचे डॉ. अ‍ॅलिसन उलट म्हणत होते: दारिद्र्यामुळे, अपुऱ्या अन्नामुळे रोग येतो. या वादात चॅडविक जिंकले आणि त्याचा ठसा कायद्यावर उमटला. गटारे, नळ आणि उकिरडे कायद्यात आले; मजुरी आणि भाकरी बाहेर राहिली. गटार बांधता येते, त्याला कोणाचा पगार वाढवावा लागत नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे.

१८४८ साली सार्वजनिक आरोग्याचा कायदा मंजूर झाला आणि केंद्रीय आरोग्य मंडळ स्थापन झाले. चॅडविक त्याचे सभासद होते. या कायद्यातले एक कलम आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. एखाद्या गावातल्या एक दशांश करदात्यांनी अर्ज केला, तर तिथे स्थानिक आरोग्य मंडळ नेमता येई. अर्ज आला नाही, पण निदान सात वर्षांच्या सरासरीने गावाचा वार्षिक मृत्युदर दर हजारी २३ च्या वर असला, तर केंद्र स्वतःहून हात घालू शके. नोंदणीच्या वहीतला आकडा सरकारच्या अधिकाराची सीमारेषा झाला. फार यांच्यासारखा माणूस मृत्यू मोजत बसला नसता, तर हे कलम लिहिताच आले नसते. लंडन मात्र या कायद्यातून वगळले होते. राजधानीच्या गटारांसाठी वेगळा आयोग होता, आणि त्यातही चॅडविक होतेच.

आता त्या चुकीकडे वळू. त्या काळच्या बहुतेकांप्रमाणे चॅडविक मानत की रोग दुर्गंधातून येतो. सडणाऱ्या पदार्थांतून विषारी हवा निघते आणि तीच माणसाला मारते. म्हणून घराखालचे मैल्याचे खड्डे बंद करा, मैला गटारात लोटा, गटारे पाण्याने धुऊन काढा. घरातला वास गेला. मैला गेला थेट टेम्स नदीत, आणि लंडनच्या कित्येक पाणी कंपन्या टेम्समधूनच पाणी उचलत. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे कॉलऱ्याने मेली. साथ केवळ गटारे धुतल्याने आली असे म्हणणे अतिरेक होईल, पण नदीत विष ओतण्याचे काम आरोग्याच्या नावाने चालले होते एवढे खरे.

फार हेही वासवालेच. लंडनचा भाग जितका सखल, तितके तिथले कॉलऱ्याचे मृत्यू जास्त, असे त्यांनी दाखवले. त्यासाठी सूत्र बसवले आणि ते आकड्यांशी छान जुळले. नदीकाठी हवा जड व दूषित असते, हे त्यांचे स्पष्टीकरण. पण सखल भागातले लोक पाणीही नदीच्या घाण टप्प्यातले पीत होते! जुळणारे सूत्र चुकीच्या कारणालाही पाठिंबा देऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गासाठी शोधूनही मिळणार नाही.

निकाल लावणारा पुरावा दक्षिण लंडनमध्ये मिळाला, आणि तो मिळण्यात कायद्याचा हात होता. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून, शेजारशेजारच्या घरांत जात. दोन्ही कंपन्या शहरातल्या घाणेरड्या टेम्सचेच पाणी देत. १८५२ साली लॅम्बेथ कंपनीने आपले पाणी उचलण्याचे ठिकाण वर, थेम्स डिटनला नेले. तिथवर शहराचा मैला पोचत नसे. त्याच वर्षी पार्लमेंटने लंडनच्या पाण्याचा कायदा केला: भरती-ओहोटीची हद्द जिथे संपते त्या टेडिंग्टनच्या खालचे पाणी टेम्समधून उचलायचे नाही. मात्र त्यासाठी कंपन्यांना १८५५ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल या दुसऱ्या कंपनीने ती मुदत पुरेपूर वापरली. ती बॅटरसीजवळचेच पाणी देत राहिली.

मधल्या काळात, १८५४ मध्ये, कॉलरा आला. स्नो घरोघर फिरले. भाडेकरूंना आपल्या नळाची कंपनी कोणती हे बहुधा ठाऊक नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरत. मग स्नो यांनी रसायनशास्त्राची मदत घेतली. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की त्यातल्या मिठाच्या प्रमाणात पांढरा साका बसतो. बॅटरसीच्या पाण्यात थेम्स डिटनच्या सुमारे चाळीस पट मीठ होते, त्यामुळे दोन्ही पाणी सहज वेगळी ओळखता येत. (शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दहा मिनिटांत होतो.) साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले होते, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. मृतांचे पत्ते पुरवले होते फार यांच्या कचेरीने. आपला सिद्धान्त वेगळा असतानाही त्यांनी ते दिले, एवढेच नव्हे तर मृत्यू नोंदवताना घराला कोणत्या कंपनीचे पाणी येते हेही लिहावे, असे नोंदणी अधिकाऱ्यांना सांगितले.

कायदा करताना दिली जाणारी ‘मुदत’ हा शब्द कागदावर किती निरुपद्रवी दिसतो! कंपनीला पैसे उभारायला, नळ टाकायला वेळ हवा, हे कोणालाही पटेल. त्या वेळेची किंमत वरच्या आकड्यांत आहे.

त्याच १८५४ साली चॅडविकना सत्तेवरून जावे लागले. मंडळाची पाच वर्षे संपली होती, आणि स्थानिक पुढारी, पाणी कंपन्या, इंजिनिअर व वृत्तपत्रे त्यांच्या हुकूमशाही वागण्याला विटली होती. ते गेल्यावरही वासाचा सिद्धान्त कायम राहिला. १८५५ मध्ये हाडे उकळणाऱ्या, चरबी वितळवणाऱ्या कारखान्यांवर निर्बंध घालणारे विधेयक आले, तेव्हा स्नो यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे चक्क कारखानदारांच्या बाजूने साक्ष दिली. वासाने साथ येत नाही, असे त्यांनी सांगितले. शास्त्र म्हणून ते बरोबर होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांच्यावर कडक टीका केली. विधेयक पुढे मंजूर झाले. शास्त्राने जो बरोबर, तो कारखानदारांच्या बाजूला. शास्त्राने जे चूक, ते रहिवाशांच्या बाजूला. हा पेच आजही कोर्टाकचेऱ्यांत दिसतो.

चॅडविकनंतर सूत्रे आली ती जॉन सायमन या शल्यवैद्याकडे. माणूस मवाळ, हुकूम सोडण्यापेक्षा अहवाल लिहिणारा. १८५६ साली त्यांनी दोन कंपन्यांच्या पाण्याची तुलना पुन्हा करून घेतली आणि फरक खरा निघाला. सायमन १८७६ पर्यंत सरकारी सेवेत होते. त्यांच्या काळात १८६६ चा कायदा आला. आरोग्याची कामे करणे ही स्थानिक संस्थांची मर्जी न राहता बंधन झाले. १८७२ पासून सर्वत्र आरोग्य अधिकारी नेमणे भाग पडले.

१८६६ मध्येच कॉलरा पुन्हा आला, या वेळी पूर्व लंडनमध्ये. बॅझलगेटची नवी गटारे अजून त्या भागाला जोडलेली नव्हती. फार यांनी मृत्यू एका पाणी कंपनीच्या हद्दीत एकवटलेले पाहिले आणि बोट ठेवले. आमचे पाणी गाळलेलेच असते, असे कंपनीच्या इंजिनिअरने वृत्तपत्रात छातीठोकपणे लिहिले. मग काही ग्राहकांनी सांगितले की त्यांच्या नळात ईल मासे सापडले होते. ईल मासा वाळूच्या गाळणीतून येत नाही! चौकशीत उघडे तळे वापरल्याचे बाहेर आले. साठवणीचे पाणी झाकलेले हवे, हे १८५२ च्या कायद्यातच होते. स्नो १८५८ सालीच वारले होते. वासाच्या सिद्धान्तावर वीस-पंचवीस वर्षे काम केलेले फार आता पाण्याच्या बाजूला आले, आणि आणले त्यांच्याच आकड्यांनी.

आपल्याकडे आरोग्याचा कायदा वेगळ्याच रीतीने आला. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. इनमिन चार कलमे. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करायचा अधिकार होता, आणि सद्‌हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता येणार नाही असे संरक्षणही होते. एक दशांश करदात्यांचा अर्ज नाही, दर हजारी २३ सारखी रेघ नाही, करदात्यांना विचारणे नाही. पुण्यात घरझडत्या झाल्या, सामान जाळले गेले, माणसे जबरीने हलवली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. आणि शास्त्र? येर्सिनने प्लेगचा जंतू १८९४ मध्ये शोधला होता, तरी उपाय होते ते चॅडविकच्या वळणाचे: गटारे धुवा, भिंतींना चुना लावा, घरांत हवा-उजेड येऊ द्या. उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले, पण त्याचे कोणी ऐकले नाही. ते पक्के झाले १९०५ पासून मुंबईत परळला झालेल्या प्रयोगांत. तोवर कायद्याला आठ वर्षे होऊन गेली होती. पुढे २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच कायदा पुन्हा लागू झाला. त्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी.