धर्मग्रंथाचा अर्थ आणि चर्चचा अधिकार : पंडिता रमाबाई यांची भूमिका

प्रस्तावना :
बायबलचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा ख्रिस्ती धर्मेतिहासातील जुना वाद आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये शास्त्रवचनाच्या खऱ्या अर्थाचा निर्णय चर्चकडे सोपविला. मार्टिन ल्यूथरच्या परंपरेने शास्त्रवचनालाच अंतिम प्रमाण मानले. महाराष्ट्रात हा प्रश्न पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या निमित्ताने वेगळ्या स्वरूपात उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले. त्याच घरात रमाबाई वाढल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला. मात्र स्त्रीला वेदाधिकार नाही, ही समजूत त्यांच्याही मनात होती. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती देऊन त्या वाचण्याचा आग्रह केला, असे त्यांनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये उभा राहणारा अधिकारी त्यांना अनुभवाने परिचित होता.

वाँटेज येथील वाद :
२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे असताना त्रैक्याचा सिद्धांत व अथनेशियसचा मतांगीकार त्यांना पटेना. नवदीक्षिताने चर्चच्या शिकवणीपुढे नम्र व्हावे, अशी सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसरे तसेच जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी १८८५ मध्ये दिले. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

हा वाद केवळ स्वभावभेदाचा नव्हता. अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सहाव्या कलमानुसार, शास्त्रवचनातून सिद्ध न होणारी गोष्ट तारणासाठी आवश्यक म्हणून कोणावर लादता येत नाही. विसाव्या कलमानुसार श्रद्धेच्या वादात चर्चला अधिकार आहे. आठवे कलम तर अथनेशियसचा मतांगीकार शास्त्रवचनाने सिद्ध होतो, असेच सांगते. तो खरोखर सिद्ध होतो किंवा नाही, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र उरतोच. रमाबाईंनी नेमके तेथेच बोट ठेवले.

भाषांतर आणि अर्थनिर्णय :
पुढे ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीची त्यांची शंका मावळली; परंतु ग्रंथ स्वतः वाचण्याचा आग्रह कायम राहिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते समजावे, हा त्यामागील हेतू होता. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते मुक्तीच्या छापखान्यातून प्रकाशित झाले.

येथे एक अंतर्विरोध लक्षात घ्यावा लागतो. भाषांतर हेही अर्थनिर्णयनच असते. कोणता शब्द ठेवावा व कोणता गाळावा, हे ठरविताना रमाबाई स्वतःच वाचकांच्या वतीने निर्णय करीत होत्या. मूळ भाषा न जाणणाऱ्या मुक्तीतील स्त्रियांना त्यांच्यावर विश्वास ठेवणे भागच होते.

समारोप :
यावरून रमाबाईंनी सर्व अधिकार नाकारला, असे म्हणता येत नाही. विद्येतून येणारा व वाचकाला पुढे स्वतंत्र करणारा अधिकार त्यांना मान्य होता. प्रश्न विचारण्याची मुभा न देणारा अधिकार मान्य नव्हता. परंपरेच्या साहाय्याशिवाय ग्रंथ समजत नाही, या चर्चच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु साहाय्य आणि सक्ती यांतील सीमारेषा कोणती, हा रमाबाईंचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. वेदाधिकाराचा इतिहास असलेल्या समाजात तर तो केवळ ख्रिस्ती धर्मापुरता मर्यादितही राहत नाही.