इंडस बॅटल रॉयल
भारतीय बनावटीचा, विज्ञानकल्पनेवर आधारित ऑनलाइन बहुखेळाडू नेमबाजी खेळ. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने तो तयार केला असून १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो अँड्रॉइड व आयओएस मोबाइलवर उपलब्ध झाला. याआधी ‘मास्कगन’ हा बहुखेळाडू नेमबाजी खेळ याच कंपनीने काढला होता.

कथानक विरलोक या परग्रही भूमीवर घडते. प्राचीन यक्षांनी उपयोगात आणलेल्या कॉस्मियम या दुर्मीळ द्रव्याच्या शोधात ‘मिथवॉकर’ योद्धे तेथे उतरतात. अखेरपर्यंत तग धरणारा जिंकतो, हा बॅटल रॉयल प्रकाराचा मूळ नियम. इंडसमध्ये सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम ताब्यात घेऊनही विजय मिळवता येतो. त्यामुळे लपून राहण्यापेक्षा पुढे सरसावण्याला मोल येते.

सिंधू संस्कृती, पुराणकथा आणि अंतराळयुग यांची सांगड घालणाऱ्या खेळाच्या शैलीला ‘इंडो-फ्युचरिझम’ म्हणतात. सर-ताज, मोर-नी ही पात्रे तिची उदाहरणे होत. तुलनाच करायची तर, अमेरिकेतील बंजी कंपनीच्या ‘डेस्टिनी’ (२०१४) या विज्ञानकल्पनेवरील खेळात नेमबाजीला भूमिका साकारण्याच्या (रोल-प्लेइंग) खेळप्रकाराची जोड आहे. इंडसचा भर मात्र छोट्या, स्वतंत्र सामन्यांवर आहे. भारतीय कल्पनाविश्वातून भविष्य रंगवणारा खेळ महाराष्ट्रात घडला, हे त्याचे खरे महत्त्व.