चुलीकडून ओट्याकडे

गेल्या उन्हाळ्यात बेळगावच्या आमच्या जुन्या घराचे स्वयंपाकघर मोडले. गवंडी कानडी, त्याच्या तोंडी चूल ती ‘ओले’ आणि स्वयंपाकघर ते ‘अडिगेमने’. रांधण्याचे घर, दोन्ही भाषांत अर्थ तोच! फरशी उखडताच खाली शेणसारवणाचे थर, त्याखाली काजळलेली माती निघाली.

१८९२ साली स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजूंनी धूर घराबाहेर नेणारी चूल बनवली. तिच्यावरची त्यांची पुस्तिका १९५३ची. एवढे ग्रंथांत सापडते. ओटा आला आणि जन्मभर बसून रांधणारी बाई उभी राहिली, याची नोंद (आम्हा इतिहासाच्या मास्तरांकडेही) नाही.

आई एवढेच म्हणाली, “मला बसायला पाटापुरती जागा ठेव रे.”

तेवढा कोपरा ओट्याविना सोडला आहे.