ताबो : मातीच्या भिंतींवरची हजार वर्षे

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात जाणाऱ्या मराठी प्रवाशाला ताबोच्या मठाची ओळख बहुधा ‘हिमालयातील अजिंठा’ अशी करून दिली जाते. भित्तिचित्रे पाहिली की ती पटतेही. दोन्हीकडे मातीचा गिलावा वाळल्यानंतर त्यावर रंगकाम झाले आहे. माझ्या मते मात्र या उपमेमुळे ताबोचे खरे वेगळेपण झाकले जाते.

अजिंठा बसॉल्टच्या कड्यात कोरलेला. तेथील उपासना खंडित झाली आणि १८१९ मध्ये ब्रिटिशांच्या नजरेस पडेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा विसर पडला होता. ताबो सुमारे ३,२८० मीटर उंचीवर, नदीकाठच्या सपाटीवर, मातीने बांधलेले. तेथील देवतांपुढे दिवा आजही लागतो. दगडातले ओस पडले आणि मातीतले नांदते राहिले, हा विरोधाभास मला महत्त्वाचा वाटतो.

ताबोचा काळ ठरतो तो त्याच्याच भिंतीवरील तिबेटी लेखातून. गुगेचा राजा येशे-ओ याने वानर वर्षी मंदिर स्थापन केले आणि ४६ वर्षांनी त्याच्याच वंशातील जांगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला, असे हा लेख सांगतो. वानर वर्ष दर बारा वर्षांनी येते. पण या दोघांचा काळ इतर साधनांतून माहीत असल्याने स्थापना ९९६ आणि जीर्णोद्धार १०४२ असा हिशेब लागतो. याच जांगछुब-ओच्या निमंत्रणावरून विक्रमशिलेचे आचार्य अतिश तिबेटात गेले. परंपरा ताबोचा संबंध रिन्छेन झांगपो या थोर अनुवादकाशीही जोडते.

मुख्य सभागृहात काळोख असतो. डोळे सरावले की मध्यभागी चतुर्मुख वैरोचन दिसतो आणि भिंतींवर, माणसाच्या डोक्याहून उंच, मातीच्या ३२ मूर्ती अधांतरी बसल्यासारख्या भासतात. सारे सभागृहच मंडल आहे. आपण त्याच्या आत उभे असतो. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात उत्तरेकडे बुद्धचरित्र, तर दक्षिणेकडे ‘गंडव्यूहसूत्रा’तील सुधनाची यात्रा आहे. ज्ञानाच्या शोधात सुधन पन्नासहून अधिक गुरूंना भेटतो; त्यांत भिक्षू आहेत, तसे व्यापारी, नावाडी, स्त्रिया आणि मुलेही आहेत. सूत्रानुसार त्याची वाट दक्षिणापथातून जाते. चित्रशैलीवर काश्मीरची छाप आहे. म्हणजे गुगेच्या राजाश्रयाने, काश्मिरी वळणाच्या कुंचल्यातून, दक्षिणेतली भ्रमंती स्पितीच्या भिंतीवर उतरली. ‘दुर्गम’ हा शब्द आपण आजच्या रस्त्यांवरून ठरवतो.

इटालियन विद्वान जुझेप्पे तुच्ची १९३३ मध्ये येथे आले आणि या लेखांकडे व मूर्तींकडे जगाचे लक्ष गेले. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात मठाला हानी पोहोचली, तरी जुने सभागृह उभे राहिले. १९९६ मध्ये दलाई लामांनी येथेच कालचक्र दीक्षा देऊन सहस्राब्दी साजरी केली.

आता प्रश्न छपराचा आहे. तुळया, त्यांवर काटक्या आणि वर दाबून बसवलेली माती, असे येथील सपाट छप्पर असते. पर्जन्यछायेतील कोरड्या हवेसाठी ते योग्यच. हिवाळ्यातले बर्फ फावड्याने लोटून दिले की काम भागते. पण पाऊस तासन्‌तास कोसळला तर माती पाणी पिते आणि गिलाव्यावरून ओघळ उतरतात. वर सिमेंट ओतणे हा उपाय नव्हे. त्याचे वजन आणि आत कोंडलेली ओल मातीच्या भिंतींना सोसत नाही. छपराची माती वेळोवेळी नव्याने दाबून बसवणारे हात गावात असतील, तोवरच ही चित्रे टिकतील.

पुढे धनकरचा कड्यावरचा मठ आहे, लांगझाला टेथिस समुद्रातील अमोनाइटचे जीवाश्म आहेत. ते जरूर पाहावेत, जीवाश्म मात्र जागीच ठेवावेत. ताबोला गेलात तर सभागृहातून बाहेर आल्यावर एकदा छपराकडेही पाहा. हजार वर्षांचा इतिहास त्या हातभर मातीखाली जपलेला आहे.