कास्पार वेसेलचे दिशागणित आणि संमिश्र संख्येची दोन रूपे

संमिश्र संख्येचे ध्रुवीय रूप आपल्या पाठ्यपुस्तकांत नेहमी मागाहून येते. आधी काटकोनी रूप व त्यातील गुणाकाराचा नियम, नंतर मापांक आणि कोनांक काढण्याची रीत, असा क्रम रूढ आहे. इतिहासात मात्र, निदान एका महत्त्वाच्या प्रसंगी, हा क्रम नेमका उलटा होता.

कास्पार वेसेल (१७४५–१८१८) हा जन्माने नॉर्वेजियन. डेन्मार्कच्या भूमापनात त्याने आयुष्याची अनेक वर्षे वेचली. तो गणिताचा अध्यापक नव्हता, ही गोष्ट येथे गौण मानता येत नाही. त्रिकोणांच्या जाळ्याने प्रदेश मोजणाऱ्यास प्रत्यक्ष हाती लागतात ते कोन. पायारेषेच्या आधारे बाजूंच्या लांबी निघतात. नकाशावर बिंदू मांडावयाचा तर हवी असतात ती दोन लंब अंतरे. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे हे त्याचे नित्यकर्मच होते.

१० मार्च १७९७ रोजी त्याचा निबंध डेन्मार्कच्या राजकीय विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला व १७९९ मध्ये छापला गेला. त्यात दिशायुक्त रेषाखंडांची बेरीज एकाच्या अग्राशी दुसऱ्याचा आरंभ ठेवून केली आहे. गुणाकारात लांबींचा गुणाकार करावयाचा आणि दिशाकोनांची बेरीज. आता एकक रेषेला लंब असलेला एकक रेषाखंड घेतला, तर त्याचा कोन ९० अंश. त्याच्या वर्गाचा १८० अंश, म्हणजेच ऋण एक. ज्या ‘अशक्य’ वर्गमूळाने बीजगणितज्ञांना दोन शतके छळले, ते येथे न बोलावता येऊन उभे राहते! पुढे कोनांच्या बेरजेची ज्या-कोज्यासूत्रे लावून (अ, ब) व (क, ड) यांचा गुणाकार (अक − बड, अड + बक) असा निघतो. आपण जी व्याख्या म्हणून सांगतो, ती वेसेलने सिद्ध केली.

उलट दिशेचे रूपांतर अधिक अवघड होय. (३, ४) या बिंदूचे अंतर ५ व कोन सुमारे ५३ अंश ८ मिनिटे. परंतु (−३, −४) येथेही गुणोत्तर तेच येते. केवळ कोष्टकावर विसंबणारा गणक १८० अंशांनी चुकेल, कारण खरा कोन २३३ अंश ८ मिनिटे आहे. शिवाय पूर्ण फेऱ्या मिळविल्या तरी दिशा बदलत नाही. हीच संदिग्धता फलदायी ठरते: एखाद्या संख्येची म-वी मुळे म इतकीच का, हे वेसेलने तीवरूनच दाखविले.

निबंध डॅनिश भाषेत होता व जवळजवळ शंभर वर्षे अवाचित राहिला. १८९५ मध्ये त्याकडे पुन्हा लक्ष गेले, १८९७ मध्ये फ्रेंच भाषांतर निघाले. तोवर त्या प्रतलास आर्गां व गाउस यांची नावे चिकटली होती. तथापि सारा दोष भाषेच्या माथी मारणे युक्त नाही. आर्गांची १८०६ ची पुस्तिका फ्रेंचमध्येच होती, पण तिच्यावर लेखकाचे नावच नव्हते. १८१३ मध्ये फ्रांसे याने त्या कल्पना प्रसिद्ध करून अज्ञात लेखकास पुढे येण्याचे आवाहन केले, तेव्हा कोठे आर्गांने आपले कर्तृत्व उघड केले.